अद्धा

माझ्या वहीत गेल्या आठवड्याची एक नोंद आहे : ‘सहा मीटर पाईप ६०, चार मीटर पाईप २०.’ दुसऱ्या आकड्याच्या जागी आधी मी रेघ मारली होती. ती खोडून २० लिहायला मला पाऊण तास बोलावं लागलं.

टेम्पो घेऊन माझ्या दुकानात परांचीचे पाईप भाड्यानं न्यायला आलेल्या पोरानं न्हावरे रस्त्याकडच्या एका तीनमजली घराच्या प्लॅस्टरचं काम घेतलं होतं. पोरगा कष्टाळू, बोलायला नम्र. “काकू, सगळे वीस फुटीच द्या,” म्हणाला. “आखूड पाईप घेतले की जोड वाढतात, आणि जोड म्हणजे कच्ची जागा. तुम्हीच सांगा.”

जोड ही कच्ची जागा, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण सगळे उभे पाईप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचे, लावले तर प्रत्येकाचा जोड सहा मीटरवरच येणार. दहा खांब असतील तर दहा कच्च्या जागा एका उंचीवर, एका रेषेत. कागदाला घडी घालून ठेवावी आणि मग तो तिथंच फाटावा, तसं. मी पोराला आत बसवलं, पाणी दिलं आणि अद्ध्याची गोष्ट सांगितली. तीच इथं लिहिते आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत परांची कशी बदलत गेली ते मी घरातल्याच माणसांच्या हातांत पाहिलंय, आणि त्या बदलात एक जुनी जाण वाटेत सांडली याची मला रुखरुख आहे.

मी शिरूरची, घोडनदीच्या काठी वाढलेली. वडील गवंडी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आजोळ दौंडचं, मामा रेल्वेत पुलांच्या कामावर खलाशी. १९८९ साली माझ्या यजमानांनी सेंटरिंगच्या प्लेटा आणि परांचीचे पाईप भाड्यानं द्यायचं दुकान काढलं. ते गेल्यावर दुकान मी चालवते. वह्या पहिल्यापासून माझ्याच हातच्या आहेत.

लहानपणी सुट्टीत दादांबरोबर कामावर गेले की माझ्याकडे एकच काम असायचं, अद्धे गोळा करायचं. दादा थापीच्या धारेनं विटेला एक टोला द्यायचे, वीट मधोमध दोन होई, आणि ते अर्धे तुकडे मी पाटीत भरून भिंतीच्या टोकाशी नेऊन ठेवायची. मला वाटायचं, एवढी चांगली वीट हे तोडतात कशाला? एकदा विचारलं. दादांनी उत्तर न देता आठ-दहा विटा घेतल्या आणि चिखलाशिवाय दोन छोट्या भिंती रचल्या. एकीत विटेवर वीट बरोबर ठेवली, उभे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेघेत. दुसरीत एक थर पुऱ्या विटेनं सुरू केला, त्यावरचा अद्ध्यानं, पुन्हा पुरी वीट, पुन्हा अद्धा. मग म्हणाले, “आता ढकल.” पहिली भिंत रेघेवर उभी चिरली आणि दोन्ही बाजूंना पडली. दुसरीतली वरची वीट सरकली, पण भिंत राहिली. याला गवंडी सांधेमोड म्हणतात. खालचा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली आला पाहिजे. आणि टोकाला अद्धा असल्याशिवाय सांधेमोड सुरूच होत नाही, कारण सगळ्या विटा एका मापाच्या असतात. मापं सारखी असली की सांधे सांध्यावरच येतात. ते चुकवायला मुद्दाम एक आखूड तुकडा सुरुवातीला घालावा लागतो.

दगडातही हाच नियम. रांजणगावच्या महागणपतीला आम्ही गेलो की दर्शन झाल्यावर दादा सभामंडपात रेंगाळायचे. थोरल्या माधवरावांनी इथं मूर्तीसाठी तळघर बांधलं आणि सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांनी, हे पुजारी सांगतात. दादांची नजर मात्र दगडांच्या थरांवर. “सांध्यावर सांधा आलेला एक दाखव, दहा पैसे देतो,” असं म्हणायचे. ते दहा पैसे मला कधी मिळाले नाहीत. जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींत सारख्या अंतरावर चौकोनी भोकं दिसतात, तीही त्यांनीच दाखवली. ती कबुतरांसाठी ठेवलेली नसतात. भिंत वर जात असताना परांचीच्या आडव्या वाशांची टोकं त्या भोकांत टेकवलेली असायची. काम झालं की वासे निघाले, भोकं राहिली. परांची काम संपलं की नाहीशी होते, म्हणून तिचा इतिहास कुणी लिहीत नाही. ती अशा भोकांवरून वाचावी लागते.

या नदीकाठाला उभ्या खांबाची ओळख फार जुनी आहे. आमच्या तालुक्यात घोडनदीच्याच काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. घरं मातीची आणि कुडाची. लाकडी खांब केव्हाच कुजून गेले, पण ते जिथं रोवले होते ते खळगे जमिनीत राहिले, आणि त्या खळग्यांवरून घराचा आकार काढता आला. खांब कुठं आणि किती अंतरावर रोवायचा याचा हिशेब इथल्या माणसानं तीन हजार वर्षांपूर्वी केला होता.

दादांच्या काळातली परांची बल्ल्यांची. सुरूच्या नाहीतर निलगिरीच्या बल्ल्या, आडवे बांबू, त्यावर फळ्या आणि बांधायला वाखाचा नाहीतर काथ्याचा दोर. वाखाचे दोर वळणारी मातंग समाजाची घरं गावोगाव होती आणि दोराची पारख दादा तिथं बसूनच करायचे : पीळ उलगडून आतला धागा काळा पडलाय का बघायचा. बल्ली उभी करताना बुंधा खाली, शेंडा वर. उंची वाढवायची तर खालच्या बल्लीच्या शेंड्याशेजारी वरच्या बल्लीचा बुंधा दोन हात जोडून घ्यायचा, तीन ठिकाणी आवळायचा आणि दोरात लाकडी पाचर ठोकायची. पावसात दोर फुगून आवळतो, ऊन पडलं की सैल होतो, म्हणून दर सकाळी पहिला चहा घ्यायच्या आधी दादा खालून वर सगळ्या गाठी हातानं दाबून यायचे. आणि एक गोष्ट ते कधी विसरत नसत : शेजारच्या बल्लीचा जोड एक पुरुष वर नाहीतर एक पुरुष खाली.

इथं मला एक गोष्ट फार उशिरा कळली. बल्लीच्या काळात हा नियम पाळणं सोपं होतं, कारण झाडं सारख्या मापाची येत नाहीत. एक बल्ली सोळा फूट, दुसरी तेरा, तिसरी अठरा. लावत गेलं तरी जोड आपोआप मागंपुढं पडायचे. गवंड्यानं फक्त नजर ठेवायची. पुढं कारखान्यात कापलेला एका मापाचा पाईप आला आणि निसर्गानं फुकट दिलेला हा वेडावाकडेपणा गेला. जे आपोआप होत होतं ते आता समजून-उमजून करायला हवं होतं. तेच राहून गेलं.

दुसरा नियम मला आजोळी मिळाला.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून पुढं दिक्सळपर्यंत पोचला, १८६० मध्ये सोलापूरला. मग १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या मागोमाग, १८७८ साली, दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंडचं जंक्शन झालं. मामांच्या तोंडी सदा रुळाच्या गोष्टी. पुलाच्या कामावरचा खलाशी म्हणजे दोर, कप्पी आणि लाकडी ठोकळ्यांवर टनांचं वजन उचलणारा माणूस. त्यांच्या हाताला पडलेले घट्टे मी लहानपणी मोजले आहेत.

एकदा भीमेच्या पुलाकडे जाताना त्यांनी मला रुळाचा जोड दाखवला. तेव्हा अजून सगळीकडे लांबलचक वेल्ड केलेले रूळ आलेले नव्हते. दर काही मीटरवर दोन रुळांची टोकं समोरासमोर, दोन्ही अंगांना फिशप्लेट आणि चार बोल्ट. मामा म्हणाले, “खाली स्लीपर बघ.” इतर ठिकाणी स्लीपर हातभर अंतरावर होते, जोडाच्या दोन्ही बाजूंचे दोन मात्र एकमेकांजवळ ओढून घेतलेले. “जोड हा आजारी माणूस आहे. त्याला खाट जवळ लागते.” रुळांमध्ये दोन्ही बाजूंचे जोड समोरासमोर येतात, तिथं दादांची सांधेमोड नव्हती. पण जोड अधांतरी सोडायचा नाही, त्याच्या अगदी जवळ आधार द्यायचा, ही मामांची शिकवण.

दादांचा नियम : जोड एका रेघेत आणू नका. मामांचा नियम : जोड आधाराच्या जवळ ठेवा. पाईपच्या परांचीबद्दल नंतर मी जे काही वाचलं, जी मानकं पाहिली, त्यांतला सांध्यांचा भाग या दोन वाक्यांत मावतो.

पाईपची परांची आली लंडनहून. तिथंही आधी लाकडी खांब आणि दोरच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनियल पामर-जोन्स यांनी दोराच्या जागी लोखंडी जोडणीचं साधन आणलं. १९१३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या कामावर ते वापरलं गेलं आणि त्याचं नाव झालं. १९१९ मध्ये त्यांनीच सुधारलेला कपलर काढला आणि १९२० नंतर लाकडी खांबाच्या जागी पाण्याच्या नळासारखा पोलादी पाईप रुळला. आजही आपल्या दुकानातला पाईप नळाच्याच मापाचा आहे. बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, प्लंबर ज्याला दीड इंची म्हणतो तोच. मध्यम जाडीचा सहा मीटरचा एक पाईप साधारण २१ किलो भरतो. भारतात पोलादी परांचीचं मानक १९६४ साली आलं, आयएस २७५०. आणि ती कशी उभारायची याची संहिता १९६७ साली, आयएस ४०१४. परांची आणि शिड्यांच्या सुरक्षिततेची संहिता आयएस ३६९६, तिच्यातल्या परांचीच्या भागाची सुधारित आवृत्ती १९८७ ची. म्हणजे आमचं दुकान उघडलं तेव्हा नियम छापून तयार होते. शिरूरच्या बाजारपेठेत ते कुणाच्या हातात नव्हते, एवढंच.

आमच्या भागात पाईपची परांची आधी मोठ्या आवारांत दिसली. पाटसचा भीमा साखर कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा; गळीत संपलं की बॉयलर, धुराडं, टाक्या यांची डागडुजी निघते आणि परांची लागते. मग कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि त्यानंतर रांजणगावची. तिथं काम करणारे फिटर बाहेरून यायचे, पाना कमरेला, आणि त्यांच्यावर तपासणी करणारा माणूस असायचा. परांची तपासली की हिरवं कार्ड, नाहीतर तांबडं. त्या आवारांबाहेर, शिरूर–न्हावरे–पारगाव–चौफुला या रस्त्यानं जी घरं, मंगल कार्यालयं, गुऱ्हाळांची धुराडी उभी राहत होती, तिथं पाईप पोचला तो आमच्यासारख्या भाड्याच्या दुकानांतून. पाईप गेला, त्याच्याबरोबर फिटर गेला नाही, कार्डही गेलं नाही. गवंड्याला वाटलं, हे लोखंड आहे, याला बल्लीसारखं जपायला नको. आणि दुकानदारांनी, आम्हीही, सोयीचं म्हणून एकाच मापाचा माल भरला. माझ्या पहिल्या सात वर्षांच्या वह्यांत सहा मीटरखेरीज दुसरं मापच नाही.

१९९७ च्या मे महिन्यात आमचे पाईप तालुक्यातल्या एका चारमजली इमारतीवर होते. बाहेरच्या ओळीत सात खांब. सातही खांबांचे जोड सहा मीटरवर, आणि आडव्या पाईपांच्या ओळी पाच आणि सात मीटरवर. म्हणजे सगळे जोड एका रेघेत, तेही दोन आधारांच्या मधोमध. भिंतीला बांधलेले ताण त्या पट्ट्यात प्लॅस्टर करता यावं म्हणून सोडले होते. धूळ खाली उडू नये म्हणून हिरवी जाळी लावली होती. जाळी लावली की परांचीचं शीड होतं आणि वारा तिला ढकलतो. वर आडव्या पाईपला कप्पी अडकवून माल ओढत होते. पंचवीस किलोची बादली कप्पीवरून ओढली की पाईपवर भार पन्नास किलोचा येतो, कारण ओढणाऱ्याचं बळही वरूनच लटकतं. दुपारी वळवाचा वारा सुटला आणि ती ओळ सहा मीटरवर गुडघ्यात वाकल्यासारखी बाहेर वाकली. वरचा भाग खाली आला. एका गवंड्यानं खिडकीची जाळी धरली, तो वाचला. दुसरा पडला. जीव राहिला, पण डावा पाय कायमचा आखूड झाला.

त्या संध्याकाळी मी आणि यजमान तिथं गेलो. सातही खांब एकाच जागी वाकलेले पाहिले, आणि मला दादांची ती चिखलाशिवाय रचलेली भिंत आठवली. दादा तेव्हा होते. त्यांनी एक वाकलेला जोड हातात घेतला, पिन हलवून पाहिली आणि म्हणाले, “अद्धा कुठंय यात?” तो जोड कापून मी दुकानात ठेवला आहे. पोराला पाणी दिलं तेव्हा तोच टेबलावर होता.

त्या जोडात काय होतं, ते नीट पाहायला हवं. दोन पाईप टोकाला टोक लावून जोडायचे तर आतून एक पिन घालतात, जॉइंट पिन. तिचे दोन अर्धे भाग बोल्टनं फाकतात आणि आतून पाईपला धरून बसतात. वजन नुसतं सरळ खाली येत असेल तर एका पाईपचं तोंड दुसऱ्यावर टेकलेलं असतं आणि काम भागतं. पण पाईप वाकायला लागला, किंवा ओढला गेला, की सगळी मदार त्या छोट्या पिनेवर. पिन सैल असेल तर? समजा आत दोन मिलिमीटर खेळ आहे आणि पिन पाईपमध्ये दहा सेंटिमीटर शिरली आहे. वरचा सहा मीटरचा पाईप त्या खेळानं माथ्याशी १२ सेंटिमीटर कलतो. ओळंबा लावून पाहिल्याशिवाय ते डोळ्याला दिसतही नाही. म्हणून आडव्या पाईपांना पिन लावू नये; तिथं ओढ येते. त्यांना बाहेरून आवळणारा स्लीव्ह कपलर लावायचा.

आणि लांबीचा हिशेब. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं १७४४ साली दाखवून दिलं की बारीक उभा खांब चिरडून नाही, वाकून जातो, आणि दोन आधारांमधलं अंतर दुप्पट झालं की त्याची वाकायच्या आधीची ताकद चौथाईवर येते. परांचीतला आडवा पाईप नुसता फळी टेकायला नसतो, तो उभ्याला मध्ये धरून ठेवतो. प्लॅस्टरला आड येतो म्हणून एक ओळ सोडवली, तर चार माणसांच्या खांबाचा एका माणसाचा खांब झाला. खांब सर्वांत जास्त वाकू पाहतो दोन आधारांच्या मधोमध, आणि जोड नेमका तिथं असेल तर मामांचा आजारी माणूस उघड्यावर पडला.

हिशेब बसवायचा कसा? मी पोराला कागदावर काढून दिला तो असा. पहिला खांब सहा मीटरच्या पाईपनं सुरू करायचा, दुसरा चार मीटरच्या, तिसरा सहाच्या, चौथा चारच्या. वर सगळीकडे सहा-सहा. मग पहिल्या खांबाचे जोड ६ आणि १२ मीटरवर, दुसऱ्याचे ४ आणि १० वर. शेजारी-शेजारी कधीच एका उंचीवर नाहीत. आतल्या ओळीत उलट : बाहेर सहा असेल तिथं आत चार. आता आधार. पहिली आडवी ओळ १.८ मीटरवर घ्या आणि पुढच्या दोन-दोन मीटरवर : ३.८, ५.८, ७.८, ९.८, ११.८. प्रत्येक जोड कुठल्या ना कुठल्या आडव्या पाईपच्या वर बरोबर वीस सेंटिमीटरवर येतो. वीतभरसुद्धा नाही. आडव्या पाईपांचे जोडही असेच : खांबापासून दोन खांबांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायचे, आणि वरच्या-खालच्या किंवा आतल्या-बाहेरच्या आडव्यांचे जोड एकाच गाळ्यात आणायचे नाहीत. तिरपे पाईप द्यायचेच, कारण चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही. ज्यांना हे डोळ्यांनी पाहायचंय त्यांनी आमच्याच तालुक्यातल्या पाबळला जावं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात लोखंडाच्या दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेली घुमटाकार घरं आहेत. बारीक दांड्या, पण त्रिकोणांनी एकमेकींना धरलेल्या.

त्या मे महिन्यानंतर आम्ही साठ पाईप कापले. सहाचे चार आणि दोन केले. यजमानांचे मित्र म्हणाले, चांगला माल बिघडवला. दादांनी विटा तोडल्या तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. दुकानातली पोरं त्या चार मीटरच्या पाईपांना अद्धेच म्हणतात. मापानं ते दोन तृतीयांश आहेत, पण नाव तेच पडलं.

बांधकाम मजुरांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ साली झाला, त्याचे नियम १९९८ साली आले, त्यांत परांचीवर वेगळं प्रकरण होतं. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ पुढं स्थापन झालं. वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराला तिथं नाव नोंदवता येतं, आणि माझ्याकडे पाईप न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते विचारते. पण त्या कायद्यानं दहा मजुरांची मर्यादा घातली, आणि दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं राहतं घर बाहेर ठेवलं. आमच्याकडे प्लॅस्टर करतात ती चार-पाच माणसांची टोळी. तपासणारा माणूस त्यांच्यापर्यंत येत नाही. त्यांच्यापर्यंत येतो फक्त आमचा टेम्पो. म्हणून मला वाटतं, अशा कामावर परांचीची जबाबदारी निम्मी तरी पाईप देणाऱ्या दुकानदाराची आहे. मापं मिसळून द्यायची, पिना झिजल्या की काढून टाकायच्या, वाकलेला पाईप ठोकून सरळ करून पुन्हा द्यायचा नाही. हे करायला कायदा लागत नाही.

आता कपलॉक आलंय. पाईपवर दर अर्ध्या मीटरला वाटी बसवलेली, आडवा पाईप वाटीत टाकला आणि वरची वाटी फिरवून हातोडीनं ठोकली की झालं. क्लॅम्प नाही, पाना नाही. उभे पाईप एक, दीड, दोन, अडीच, तीन मीटरचे येतात, वरच्या टोकाला पिन पक्की बसवलेली. वेळ वाचतो, चुका कमी होतात, मला ते आवडतं. पण तिथंही लोक सगळे तीन मीटरचे मागतात. बनवणाऱ्यानं दिलेली वेगवेगळी मापं अद्ध्यासाठीही कामी येतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पोरगा कागद घडी करून खिशात घालून, वीस अद्धे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी त्या घरावर जाऊन आले. खालून पाहिलं, जोड एकाआड एक वर-खाली दिसत होते, जसे दादांच्या भिंतीत. एका ठिकाणी दोन शेजारी खांब चुकून सारखे लागले होते. त्यानं ते माझ्यासमोर काढून बदलले.

तुम्ही घर बांधत असाल, रंग काढत असाल, परांची तुमच्या भिंतीवर चढणार असेल, तर टेम्पो रिकामा होत असताना दहा मिनिटं बाहेर उभे राहा. पाईप एकाच मापाचे उतरत असतील तर ठेकेदाराला थांबवा आणि अद्धे मागा. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसऱ्या दुकानातून आणायला लावा. परांचीवर चढणारा माणूस हे मागू शकत नाही; त्याला त्या दिवसाची मजुरी हवी असते. तुम्ही मागू शकता.